मोजणीतून निसटणारी दृष्टी

२००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ भरली. ज्या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, त्याच दशकात हा जिल्हा एकोणीस हजार माणसांनी घटला. ही घट दुष्काळाने केलेली नाही, रोगराईनेही नाही. कमावत्या वयाचा माणूस मुंबई-ठाण्याची किंवा गोव्याची वाट धरतो आणि घर म्हाताऱ्या माणसांच्या स्वाधीन होते, ही कोकणची जुनी रीत या आकड्यांत उमटली आहे. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया हे त्याच जनगणनेतील प्रमाणही तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगते.

या चित्राला आणखी एक बाजू आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या संसाराची घडी विसकटली. त्यांतील कोकणच्या कामगारांपैकी पुष्कळजण पुढे गावी परतले. त्या वेळी तिशीत असलेला कामगार आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. ज्याच्या मनीऑर्डरीवर मालवण-देवगडची चूल पेटत असे, तो चाकरमानी आता स्वतःच परावलंबनाच्या वयाला पोचला आहे. त्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या वाट्याला येणाऱ्या व्याधींत मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांची चर्चा होते. डोळ्यांचा विषय निघाला म्हणजे मात्र एकच शब्द उच्चारला जातो, तो म्हणजे मोतीबिंदू. हा शब्द इतका सर्वव्यापी झाला आहे की त्याच्या आड दडलेला दुसरा आजार घरच्यांनाही दिसत नाही आणि सरकारी कागदांतही उमटत नाही. वाढत्या वयाबरोबर होणारा पीतबिंदूचा ऱ्हास हा तो आजार होय.

नावातली फसगत

मोतीबिंदू, काचबिंदू आणि पीतबिंदू हे तीन शब्द एकाच घराण्यातले वाटतात आणि घोटाळ्याची सुरुवात तेथूनच होते. पहिले दोन शब्द आजारांची नावे आहेत. पीतबिंदू हा आजार नसून प्रत्येक निरोगी डोळ्याचा भाग आहे. डोळ्याच्या मागील बाजूस दृष्टिपटलाचा पडदा असतो. त्याच्या मध्यभागी जेमतेम साडेपाच मिलिमीटर व्यासाचा जो पिवळसर ठिपका असतो, त्याला डॉक्टर मॅक्युला म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, नोटेवरचा आकडा पाहणे ही सारी बारीक कामे या ठिपक्याच्या भरवशावर चालतात. उरलेला पडदा आजूबाजूचे स्थूल दर्शन घडवितो.

वयपरत्वे या ठिपक्याखाली पिवळसर कण साचू लागतात आणि तेथील पेशी हळूहळू झिजतात. हा झाला कोरडा प्रकार. बहुसंख्य रुग्ण या प्रकारचे असतात आणि त्यांची दृष्टी वर्षानुवर्षे, सावकाश मंदावत जाते. दहा-पंधरा टक्के रुग्णांत मात्र पडद्याखाली नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून द्रव व रक्त झिरपते आणि काही आठवड्यांत मधली दृष्टी जाऊ शकते. हा ओला प्रकार होय. संख्येने लहान असूनही या आजारामुळे होणाऱ्या गंभीर दृष्टिनाशाचा मोठा वाटा याच प्रकाराचा आहे. आणि ज्यावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहे, तोही हाच प्रकार आहे. तेव्हा ‘वय झाले’ या दोन शब्दांवर विषय संपविणे म्हणजे वाचविता येण्याजोगी दृष्टी हातची घालविणे होय.

या आजारात संपूर्ण अंधार होत नाही. कडेचे दिसत राहते, मधले पुसले जाते. त्यामुळे म्हातारी विहिरीवर जाते, अंगणात झाडलोट करते, पण पाणंदीत समोरून आलेल्या शेजारणीला ओळखत नाही. शेजारीण रुसते, सून म्हणते की चालता येते तर दिसत कसे नाही. ताटातल्या तारलीचे काटे दिसत नाहीत म्हणून जन्मभर मासे खाल्लेला माणूस मासे नको म्हणतो. घरच्यांना वाटते, तोंडाला चव उरली नाही. पोस्टात सही जुळेनाशी होते आणि शिकलेला माणूस अंगठा पुढे करतो. यातील प्रत्येक गोष्टीला घरात वेगळे कारण शोधले जाते. खरे कारण एकच असते आणि ते कोणाच्या ध्यानी येत नाही.

काही रुग्णांच्या बाबतीत याहूनही चमत्कारिक गोष्ट घडते. मधली दृष्टी गेली की मेंदू ती रिकामी जागा स्वतःच्या चित्रांनी भरू लागतो. नसलेली माणसे, जाळीदार नक्षी, प्राणी, फुले दिसू लागतात. स्विस निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स बॉने याने १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हा प्रकार नोंदविला आणि त्याच्याच नावाने तो आज ओळखला जातो. हे वेड नव्हे, बाधाही नव्हे. परंतु जेथे राखणदार आणि देवचार यांच्या कथा ऐकत माणूस लहानाचा मोठा होतो, तेथे तिन्हीसांजेला पडवीत अनोळखी माणसे दिसू लागलेल्या वृद्धेने ते कोणाला सांगावे? सांगितले तर गाऱ्हाणे घातले जाईल, किंवा डोके फिरले असे ठरेल. म्हणून ती गप्प राहते. तिचा भ्रम दृष्टीच्या आजारातून आलेला आहे, एवढे एक वाक्य समजावून सांगणारा माणूस भेटला तरी तिच्या मनावरचा मोठा भार उतरेल.

मोजपट्टीचा दोष

हा आजार सरकारी नोंदीत ठळकपणे का दिसत नाही, याचे उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्या काळी मोतीबिंदू हाच अंधत्वाचा प्रमुख शत्रू होता आणि त्याच्यावर रोख धरणे सर्वस्वी योग्य होते. १९९४-९५ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू शस्त्रक्रियांची मोठी मोहीम निघाली. महाराष्ट्र त्यांपैकी एक होता. त्या मोहिमांचे फळ मिळाले. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या ०.३६ टक्के आढळले. पन्नाशीपुढील अंध व्यक्तींपैकी ६६.२ टक्के व्यक्तींच्या अंधत्वाचे कारण त्याही वेळी मोतीबिंदू हेच होते.

हे आकडे खोटे नाहीत; पण ते काय मोजतात आणि काय मोजत नाहीत, हे पाहिले पाहिजे. दोहोंपैकी अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० हून कमी असेल तरच माणूस अंध गणला जातो. म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून जे दिसते, ते ज्याला तीन मीटरवरूनही नीट दिसत नाही, तोच अंध. पूर्वी भारतात ही मर्यादा ६/६० होती. २०१७ मध्ये ती जागतिक व्याख्येशी जुळवून घेण्यात आली. व्याख्या जुळविण्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या निवृत्त शिक्षकाचा एक डोळा पीतबिंदूच्या ऱ्हासाने निकामी झाला आहे आणि दुसऱ्याने जेमतेम मथळे वाचता येतात, तो या व्याख्येत अंध ठरत नाही. त्याचे वाचन संपले, हिशेब संपला, पत्रलेखन संपले. मोजणीच्या दृष्टीने मात्र काहीच घडलेले नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. अशा पाहण्यांत प्रत्येक अंध व्यक्तीच्या नावापुढे एकच मुख्य कारण लिहिण्याचा संकेत आहे. एकाच माणसाला दोन आजार असतील, तर ज्यावर उपचार अधिक सोपा, तो आजार कारण म्हणून नोंदविला जातो. शस्त्रक्रियांचे नियोजन करण्यासाठी हा संकेत सोयीचा आहे. पण त्याचा परिणाम असा की मोतीबिंदू आणि पीतबिंदूचा ऱ्हास एकाच डोळ्यात असला, तर नोंद मोतीबिंदूची होते. शिवाय भिंग गढूळ असताना मागचा पडदा दिसतही नाही. मग शस्त्रक्रिया होते, भिंग बदलते, तरीही वाचता येत नाही. घरी परतलेला रुग्ण गावभर सांगतो की ऑपरेशन फुकट गेले. त्याचे ऐकून शेजारचा खरा मोतीबिंदूचा रुग्ण शस्त्रक्रियेला नकार देतो. न मोजलेला आजार मोजलेल्या आजाराच्या उपचारालाही अशी बाधा आणतो.

प्रत्यक्ष संख्या किती असावी? हरियाणातील गुडगाव आणि दक्षिणेतील पाँडेचेरी येथील ग्रामीण भागांत साठीपुढील लोकांची जी काळजीपूर्वक तपासणी झाली, तीत या आजाराच्या पुढच्या अवस्थेचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आढळले. २०११ मध्ये महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढील लोकांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. सिंधुदुर्ग हा वयस्करांचा जिल्हा. तरी राज्याची सरासरीच लावली तर येथे ८५ हजार वृद्ध येतात आणि त्यांपैकी आठशे-साडेआठशे जण या आजाराच्या पुढच्या टप्प्यात असावेत, असा हिशेब निघतो. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. आणि तो कमीत कमी धरलेला आहे. सुरुवातीच्या अवस्थेतील माणसे याच्या कितीतरी पट असणार. जगाचा विचार केला तर २०२० साली कोणत्या ना कोणत्या अवस्थेतील रुग्णांची संख्या १९ कोटी ६० लाखांच्या घरात जाईल आणि २०४० पर्यंत ती २८ कोटी ८० लाखांवर पोचेल, असा तज्ज्ञांचा २०१४ मधील अंदाज होता.

शिबिरात न बसणारा आजार

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हे शिबिराच्या साच्यात चपखल बसणारे काम आहे. रुग्णांना गाडीत बसवून आणावे, शस्त्रक्रिया करावी, चष्मा द्यावा, संख्या लिहावी, गाडी परत पाठवावी. काम एकदाच होते, परिणाम तत्काळ दिसतो आणि वर्षअखेरीस उद्दिष्टाच्या रकान्यात आकडा भरता येतो. अंधत्व निवारणाची सारी यंत्रणा, तिचे अनुदान आणि तिची प्रतिष्ठा या एका आकड्याभोवती उभी राहिली. पीतबिंदूचा ओला ऱ्हास या साच्यात बसत नाही. त्याचा उपचार संपत नाही. तो चालू ठेवावा लागतो.

या उपचाराचा इतिहास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही अभ्यासावा असा आहे. २००४ मध्ये अमेरिकेत बेव्हासिझुमॅब हे औषध मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर मान्य झाले. नव्या रक्तवाहिन्यांना वाढू न देणे हे त्याचे काम. त्याच कंपनीने डोळ्यासाठी रॅनिबिझुमॅब हे त्याच्या जवळचे औषध तयार केले आणि त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या एका मोठ्या चाचणीत दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्णांची दृष्टी वर्षभरात फारशी ढासळली नाही; औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण ६२ टक्के होते. सुमारे एकतृतीयांश रुग्णांना तर आधीपेक्षा बरेच चांगले दिसू लागले. यापूर्वी या आजारात असे कधी घडले नव्हते. मात्र अमेरिकेत या औषधाच्या एका मात्रेची किंमत दोन हजार डॉलरच्या घरात होती. दरम्यान काही नेत्रतज्ज्ञांनी कर्करोगाच्या औषधाचीच छोटी मात्रा डोळ्यात वापरून पाहिली. तिला पन्नास डॉलरच्या आसपास खर्च येई. अमेरिकी सरकारच्या खर्चाने दोन्ही औषधांची तुलना झाली आणि वर्षअखेरीची दृष्टी दोहोंनी सारखीच राखली जाते, असा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये बेव्हासिझुमॅबला डोळ्याच्या उपचारासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. भारतात २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबची देशी, तुलनेने स्वस्त आवृत्ती बाजारात आली.

स्वस्त औषधाला एक अट आहे. कर्करोगासाठी बनविलेल्या मोठ्या कुपीतून अनेक रुग्णांच्या लहान मात्रा काढाव्या लागतात. हे काम निर्जंतुक पद्धतीने झाले नाही तर जंतुसंसर्गाने डोळाच गमावण्याची वेळ येते. गुजरातेत असे अपघात घडल्यावर २०१६ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी या औषधाचा डोळ्यातील वापर काही काळ थांबविला होता; नेत्रतज्ज्ञांच्या निवेदनांनंतर ती बंदी उठली. यावरून मिळणारा धडा स्पष्ट आहे. हे औषध शिबिराच्या मंडपात घाईने टोचण्याचे नाही. त्याला कायमस्वरूपी, शिस्तबद्ध, उत्तरदायी रुग्णालय लागते.

कोरड्या प्रकाराबाबतही खरे तेवढेच सांगितले पाहिजे. झिजलेल्या पेशी परत आणणारे औषध नाही. अमेरिकेत २००१ मध्ये पुऱ्या झालेल्या मोठ्या अभ्यासात विशिष्ट जीवनसत्त्वे आणि जस्त यांच्या मिश्रणाने मधल्या अवस्थेतील रुग्णांचा आजार बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे एकचतुर्थांशाने कमी झाला. २०१३ च्या पुढील अभ्यासाने त्यातील बीटा-कॅरोटीन वगळून ल्यूटीन व झिॲक्सँथिन घालण्याचा मार्ग दाखविला, कारण धूम्रपान करणाऱ्यांत बीटा-कॅरोटीनने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. निरोगी माणसाने किंवा अगदी सुरुवातीची लक्षणे असणाऱ्याने या गोळ्या घेतल्याने फायदा होतो असे मात्र सिद्ध झालेले नाही. तेव्हा औषधाच्या दुकानात ‘डोळ्यांचे टॉनिक’ म्हणून जे काही विकले जाते, त्यावर निवृत्तिवेतनातील पैसा उधळण्याचे कारण नाही. शेवग्याचा पाला, माठ, अळू आणि ताजे मासे हा किनाऱ्यावरचा आहार डोळ्यांच्या हिताचाच आहे. आणि विडी-सिगारेट सोडणे हा या आजाराविरुद्ध माणसाच्या स्वतःच्या हातात असलेला सर्वांत मोठा उपाय आहे. धूम्रपानाने धोका दुपटी-चौपटीने वाढतो. उन्हाविषयीही एक शब्द. अमेरिकेतील चेसापीक उपसागराच्या ८३८ मच्छीमारांच्या अभ्यासाने मोतीबिंदूच्या एका प्रकाराशी उन्हातील अतिनील किरणांचा संबंध दाखविला. पीतबिंदूच्या ऱ्हासाबाबतचा पुरावा तितका पक्का नाही. तरीही पाण्यावरच्या चकाकीत दिवस काढणाऱ्या मालवणच्या मच्छीमाराने रुंद काठाची टोपी वापरण्यात तोटा काहीच नाही.

तिकीट फुकट, दिवस महाग

आता या उपचाराच्या वाटेवरचा मालवणचा रुग्ण पाहू. ओल्या प्रकारात प्रारंभी महिन्याच्या अंतराने तीन इंजेक्शने आणि नंतर डोळ्याच्या स्थितीनुसार पुढची, असा सर्वसाधारण क्रम असतो. दृष्टिपटलाचा तज्ज्ञ हा मोठ्या शहरात राहणारा माणूस. मालवणहून गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरहून दूर; कोल्हापूर गाठायचे तर फोंड्याचा किंवा गगनबावड्याचा घाट चढायचा; मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. गोव्याचा आधार तर पिढ्यान् पिढ्यांचा. परंतु २०१८ च्या आरंभी तेथे परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडी भागात उमटलेला क्षोभ एवढेच सांगून गेला की दुसऱ्या राज्याच्या सौजन्यावर जिल्ह्याचे आरोग्य कायमचे उभे राहू शकत नाही.

प्रवासखर्चाचा प्रश्न राज्याने बराचसा सोडविला आहे, हे मान्य केले पाहिजे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील नागरिकांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे लागू झाले. पण तिकीट हा खर्चाचा लहानसा भाग आहे. डोळ्यात इंजेक्शन घेतलेल्या, आधीच अंधुक दिसणाऱ्या वृद्धाला एकट्याने परत येता येत नाही. बरोबर कोणीतरी लागते आणि त्याचा दिवस मोडतो. वर्षाला आठ खेपा धरल्या तरी दोघांचे मिळून सोळा दिवस होतात. मुलगा मुंबईला नोकरीत, सून घर व बागायत सांभाळणारी, नातू परीक्षेत. मग हे दिवस कोणी द्यायचे? दोन-तीन इंजेक्शने होतात, थोडे बरे वाटू लागते, पुढची खेप चुकते आणि जमा केलेली दृष्टी पुन्हा ओसरते. अर्थशास्त्राच्या भाषेत याला रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणत नाहीत. सेवेची खरी किंमत तिच्या दरपत्रकाबाहेर असते आणि ती किंमत कुटुंबातील सर्वांत दुर्बल माणूस स्वतःची गरज गिळून फेडतो. घरातील वृद्धा ‘माझे काय आता, राहू दे’ असे म्हणते, तेव्हा ती त्यागाची भाषा असते तशीच ती हिशेबाचीही असते.

सरकारी आरोग्यविमा योजनांनी गरीब कुटुंबांना मोठा आधार दिला आहे. तथापि अशा योजनांचा हिशेब मुख्यतः रुग्णालयात दाखल होणे, एक शस्त्रक्रिया आणि तिचा ठरलेला दर यांवर बेतलेला असतो. पुनःपुन्हा घ्यावे लागणारे, तासाभरात आटोपणारे उपचार या चौकटीत अवघडून बसतात.

प्राधान्याचा आक्षेप

या ठिकाणी एक वाजवी आक्षेप घेतला जाईल. मोतीबिंदू अजून संपलेला नाही; साध्या चष्म्यावाचूनही असंख्य माणसे चाचपडत आहेत. अशा वेळी आठशे रुग्णांसाठी महागडी यंत्रे आणि कायमचा खर्च कशाला? मर्यादित पैसा जेथे सर्वाधिक डोळे उघडेल तेथेच घालावा, हे तत्त्व चुकीचे नाही आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांना कात्री लावून हा कार्यक्रम उभारावा असे कोणीही म्हणणार नाही.

परंतु या आक्षेपाला तीन उत्तरे आहेत. पडद्याची तपासणी ही मधुमेहाने होणाऱ्या नेत्रविकारासाठीही लागते. तेच यंत्र, तोच तंत्रज्ञ, तेच औषध दोन्ही आजारांच्या कामी येते. म्हणजे खर्च आठशे माणसांसाठी नाही. दुसरे असे की शस्त्रक्रियेपूर्वी पडद्याचा अंदाज घेता आला तर रुग्णाला खरी अपेक्षा सांगता येते आणि मोतीबिंदूच्या कार्यक्रमावरचा विश्वासही टिकतो. तिसरे उत्तर डेन्मार्कचे आहे. या आजारामुळे कायदेशीर व्याख्येने अंध ठरणाऱ्यांच्या नव्या नोंदी तेथे २००० ते २०१० या दशकात निम्म्यावर आल्या आणि त्यातील बहुतेक घट २००६ नंतरची, म्हणजे नव्या इंजेक्शनांनंतरची होती. तो देश श्रीमंत आहे हे खरे. पण अंधत्वाची नोंद कारणासह ठेवली म्हणूनच उपचाराचे फळ त्याला मोजता आले. जेथे नोंदच नाही तेथे यशही दिसत नाही, मग पैसा मागायचा कशाच्या आधारावर?

दिनदर्शिकेपासून सुरुवात

उपाय फार दूरचे नाहीत. पहिला तर घराच्या भिंतीवरच टांगलेला आहे. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्स्लर याने गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात या आजारासाठी एक साधी जाळी प्रचारात आणली. दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात पाच मिलिमीटर अंतरावर आडव्या-उभ्या रेघा आणि मध्ये एक ठिपका. जवळचा चष्मा लावावा, जाळी फूटभर अंतरावर धरावी, एक डोळा झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहावे. मग डोळे बदलावे. रेघा वाकड्या दिसल्या, मध्ये डाग वा पोकळी दिसली तर ती धोक्याची घंटा समजून काही दिवसांत नेत्रतज्ज्ञ गाठावा. एक डोळा झाकणे हे येथे सर्वांत महत्त्वाचे. कारण दोन्ही उघडे असताना चांगला डोळा बिघडलेल्याचा दोष झाकून टाकतो आणि महिने निघून जातात. छापील जाळी हाताशी नसेल तर खिडकीचे गज, दाराची चौकट, कौलांखालच्या रिपा यांच्याकडे पाहूनही सरळ रेघ वाकडी झाल्याचे ध्यानी येते. अर्थात जाळीत दोष दिसला नाही म्हणजे आजार नाही, असे नव्हे. साठीनंतर बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासून घेणे यामुळे टळत नाही.

मराठी घरात चौकोनांची जाळी नवी नाही. १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका सुरू करणारे जयंतराव साळगावकर हे मालवणचेच सुपुत्र. तिथी, एकादशी, दुधाचा हिशेब ज्या पानावर पाहिला जातो, तशा पानाच्या मागे ही जाळी आणि चार ओळींची सूचना छापली तर महिन्याच्या पहिल्या तारखेला घरातील साठीपुढील प्रत्येकाची तपासणी होऊ शकेल. ग्रामपंचायत, पतपेढी, शिक्षकांच्या संघटना यांच्याही दिनदर्शिका निघतातच. शाळेतील मुलांनी एका शनिवारी आपापल्या आजी-आजोबांची ही चाचणी घ्यावी, यासारखा स्वस्त आणि अर्थपूर्ण उपक्रम दुसरा नाही.

घंटा वाजल्यावर जायचे कोठे, हा दुसरा प्रश्न. त्यासाठी ग्रामीण रुग्णालयांतील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याच्या हाती पडद्याचे छायाचित्र घेणारा कॅमेरा हवा आणि ते छायाचित्र दूरच्या तज्ज्ञाने त्याच दिवशी पाहण्याची व्यवस्था हवी. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराई येथे अकरा खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने गावातील मुलींना प्रशिक्षण देऊन आणि खेड्यांतील दृष्टिकेंद्रे दूरसंचाराने तज्ज्ञांशी जोडून हे प्रत्यक्षात आणले आहे. तिसरी गोष्ट ओरोस येथील. तेथे २०२१ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की नेत्रविभाग आलाच. त्या विभागात पडद्याचे थर दाखविणारे ओ.सी.टी. यंत्र आणि ठरलेल्या वारी येणारा दृष्टिपटलतज्ज्ञ, एवढी सोय पक्की झाली तर मालवणच्या रुग्णाचा शंभर-दीडशे किलोमीटरचा प्रवास तीस-पस्तीस किलोमीटरवर येईल आणि सोबत जाणाऱ्याचा पूर्ण दिवस वाचून अर्ध्यावर येईल. इंजेक्शनांच्या मालिकेला एकच दर ठरवून ती विमायोजनेत स्पष्ट शब्दांत बसविणे, ही चौथी गोष्ट. आणि यशाचे माप बदलणे ही पाचवी. किती इंजेक्शने टोचली हे मोजण्यापेक्षा, सुरू केलेल्यांपैकी किती रुग्ण वर्षभराने उपचारात टिकले, हे विचारावे.

ज्यांची दृष्टी परत येणार नाही, त्यांनाही विसरून चालणार नाही. हातातले भिंग, डोक्यामागून येणारा प्रखर दिवा, पायरीच्या कडेला मारलेला पांढरा पट्टा, मोठ्या अक्षरांचे पासबुक यांनी दिवस सुसह्य होतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अल्पदृष्टीला स्वतंत्र स्थान दिले आहे. त्याचे प्रमाणपत्र मिळू शकते हेही बहुतेक वृद्धांच्या गावी नसते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात आज जे घडते आहे, ते उद्या साऱ्या महाराष्ट्रात घडणार आहे. तरुण शहरात आणि वृद्ध गावात, ही विभागणी आता केवळ कोकणची राहिलेली नाही. मोतीबिंदूच्या लढ्याने एवढे दाखवून दिले की राज्ययंत्रणेने मनावर घेतले तर लाखो डोळे उघडता येतात. या पुढच्या आजारात डोळे एकदा उघडून भागत नाही. ते उघडे राखावे लागतात, आणि त्यासाठी रुग्णाशी वर्षानुवर्षे नाते ठेवणारी यंत्रणा लागते. ज्या पिढीने आयुष्यभर दर महिन्याला न चुकता मनीऑर्डर पाठविली, तिच्यासाठी महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ओरोसच्या दवाखान्याचे एक दार उघडे ठेवणे ही फार मोठी मागणी नव्हे.